दातांचा नकाशा

माझ्या बहिणीचा नवरा हा माझ्या पाहण्यातला सगळ्यात नीटनेटका मूर्ख आहे. मूर्ख मी पुष्कळ पाहिलेत. लाँड्रीच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला ते रोज भेटतात. शर्टावर शाई सांडून आणतात आणि धुऊन झाल्यावर 'हा डाग तुमच्याकडेच पडला' म्हणून भांडायला उभे राहतात. पण त्यांच्या मूर्खपणाला कसली शिस्त नसते. आमच्या भावोजींच्या मूर्खपणाला कडक इस्त्री असते.

भावोजींचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन यांच्याकडे पाठवायचे. त्यावरून हे प्लास्टरचा साचा ओतायचे, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी बसवायची, हिरडीत एकेक दात रोवायचा, मग पुढे भट्टी आणि घासकाम. पुढच्या खोलीत पांढरा कोट घालून भावोजी बसायचे. मागच्या खोलीत माझी ताई प्लास्टर कालवायची आणि तयार कवळ्यांना मऊ फडक्याने चकाकी आणायची. त्या खोलीला खिडकी नव्हती. वर एक झरोका होता, त्यातून शेजारच्या गोदामाची भिंत दिसायची. मेणावर धूळ बसते म्हणून भावोजींनी त्यातही पुठ्ठा कोंबून टाकला होता. लग्न झाल्यापासून ताई तिथे एका बल्बच्या उजेडात उभी होती.

कामात ते वाकबगार होते, असं लोक म्हणत. असतील. पण त्यांची एक खोड सगळ्या डॉक्टरांना ठाऊक होती. एखाद्याला कवळी टोचायला लागली, की डॉक्टर वैतागून त्या माणसालाच दुकानात धाडायचे. बिचारा गाल धरून यायचा. "इथे टोचतंय हो," म्हणायचा. भावोजी त्याच्या तोंडात डोकावायचेसुद्धा नाहीत. आतून त्याचा साचा आणायचे, कवळी त्यावर टक्कन बसवायचे आणि त्याच्या नाकासमोर धरायचे.

"बघा. कुठे टोचतंय? केसाइतकीही फट नाही. साचा खोटं बोलत नाही."

एक रिटायर झालेले मास्तर होते, त्यांनी एकदा विचारलं, "तो साचा जेवायला बसतो का हो?" आणि कवळी तिथेच ठेवून निघून गेले. भावोजी पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगायचे. लोक किती अडाणी असतात, याचं उदाहरण म्हणून.

आता ताईचं सांगते. आमचे वडील रेल्वेच्या फाटकावर कामाला होते. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, गेली की उघडायचं, एवढंच त्यांचं काम आणि तेवढ्याचाच त्यांना केवढा रुबाब! फाटकाला लागून एका खोलीचं घर, पुढे कपडे वाळत घालायची तार आणि तिच्याखाली आम्ही दोघी. वडिलांना पास मिळायचा, पण फाटक सोडून जाणार कोण? त्यांच्या मते ते एक दिवस हलले असते, तर देशाचा कारभार थांबला असता. त्यामुळे जन्मभर रेल्वेची भाकरी खाल्लेल्या आमच्या घरात रेल्वेत बसलेलं कुणीच नव्हतं.

गाडी आली, की ताई तारेखालून पळत पुढे जायची आणि हात हलवायची. खिडक्यांतून तोंडं जायची. क्वचित कुणी हात हलवायचं, बहुतेक जण नुसते बघत निघून जायचे. "शिष्ट कुठले!" असं मी ओरडायचे. ताई मात्र विचारायची, "तिकडून आपण कशा दिसत असू गं?"

"भिकारणींसारख्या," मी म्हणायचे.

पण तिच्या डोक्यातून ते जाईना. एकदा खिडकीत बसायचं आणि तिकडून इकडे बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. लग्न ठरवताना भावोजींनी तिला विचारलं होतं, "तुला कशाची आवड आहे?" ती म्हणाली, "आगगाडीत बसून सगळा देश बघायचाय." हे प्रसन्न झाले. "बघू की. पण बघायचा तर नीट बघायचा," म्हणाले. तिच्या मनाचं माप त्यांनी त्या दिवशी घेतलं ते शेवटचं. पुन्हा म्हणून तोंड उघडायला सांगितलं नाही.

लग्न झाल्यावर भावोजींनी पुढच्या खोलीच्या भिंतीवर देशाचा भलाथोरला नकाशा लावला आणि त्यावर दात बसवायला सुरुवात केली. थट्टा नाही करत मी. टवका उडालेले, रंग न जुळलेले असे खोटे दात त्यांच्याकडे डबाभर पडलेले असायचे. गुलाबी मेणाचा ठिपका लावून ते एकेक दात नकाशावर चिकटवायचे. मोठं शहर असेल तर दाढ, किल्ला असेल तर सुळा, धबधबा, दीपगृह वगैरे किरकोळ गोष्टींना पुढचे दात. मग दातांमधून लाल दोरा ओढून गाडीचा रस्ता दाखवायचा. दुकानात पाऊल टाकलं, की समोर सगळा देश दात विचकून उभा असायचा. एकदा एक बाई लहान मुलाला घेऊन आली होती, ते पोर भोकाड पसरून बाहेर पळालं.

लोकांना मात्र याचं कौतुक. शेजारीपाजारी सहलीला निघाले, की आधी भावोजींकडे सल्ला मागायला यायचे. हेही ऐटीत सांगायचे, "तिथे उजव्या बाजूला बसा, डावीकडे ऊन येतं." स्वतः शहराची वेस ओलांडलेली नाही, पण ऊन कुठून येतं ते पाठ! लोक जाऊन यायचे, फोटो दाखवायचे, आणि भावोजी त्यांच्याच फोटोत त्यांच्या चुका काढायचे.

ताईला न्यायचा विषय काढला, की उत्तर ठरलेलं असायचं. "अजून जुळत नाही."

कधी वेळापत्रक बदलायचं, की सगळे दोरे काढून नव्याने ओढायचे. कधी एखादी गाडीच बंद व्हायची. एकदा तर घोडं तळ्यापाशी अडलं. देशात कुठेसं एक मोठं तळं आहे, त्याच्या मधोमध बेट. गाडी तिथे पोहोचायची आणि बेटावर जाणारी बोट तेवढ्यात सुटलेली असायची. त्या एका बोटीपायी वर्षच्या वर्ष गेलं.

"मग नका नेऊ तळ्याला," ताई म्हणाली.

"म्हणजे अर्धवट देश बघायचा? खालची कवळी लावायची आणि वरची डबीत ठेवायची?"

"मला चालेल."

"तुला चालेल गं, पण ते बरोबर दिसतं का?" असं म्हणून ते पुन्हा दोऱ्यात गुंतले. मी समोरच होते. मला वाटलं, तो दोरा घ्यावा आणि यांचं तोंडच शिवून टाकावं. ताई काही न बोलता मागच्या खोलीत गेली आणि फडकं हातात घेतलं. तिच्या त्या गप्प राहण्याचाही मला राग यायचा. बोलून तरी दाखव, माणसाने समजायचं तरी काय, असं मी तिला कितीदा म्हटलं असेल. ती म्हणायची, "ते काही वाईट नाहीत गं." वाईट असते तर बरं झालं असतं. वाईट माणसाला चार शिव्या देता येतात.

शेवटी दुकानच बसलं. डॉक्टरांकडे यंत्रं आली. तोंडात एक कांडी फिरवली, की पडद्यावर जबडा दिसतो आणि दात आपोआप कोरून बाहेर येतात. साचा ओतणाऱ्या माणसाला कोण विचारतो! काम आटलं, कोट खुंटीला गेला, आणि काहीच करायला उरलं नाही तेव्हा कुठे भावोजींच्या हातून बेत पुरा झाला.

आनंदाने फुललेले असे ते माझ्या काउंटरवर आले. "मेव्हणीबाई, साधलं! एकही दिवस वाया जात नाही. बोटसुद्धा सापडते."

"कसं काय साधलं?" मी विचारलं.

"तीच तर खुबी आहे. ते बघालच तुम्ही. तुम्हीही चला आमच्याबरोबर. सामानाकडे बघायला कुणीतरी हवंच."

असं हे मला आलेलं आमंत्रण! दुसऱ्या कुणाला मी तिथल्या तिथे हाकलून दिलं असतं. पण ताई खिडकीत बसलेली मला बघायची होती, म्हणून मी अपमान गिळला आणि रजा काढली. घरी गेले तर ताई बॅग भरत होती. कपड्यांच्या वर तिने कवळ्यांना चकाकी द्यायचं मऊ फडकं घडी घालून ठेवलं होतं.

"हे कशाला? तिथे कुणाचे दात पुसणार आहेस?"

"खिडकीच्या काचा मळक्या असतात म्हणे," ती म्हणाली. इतकी खुशीत मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

पहिली गाडी अंधार पडल्यावर सुटली. मला वाटलं, सुरुवात आहे, असेल. ताई खिडकीशी बसली, फडकं काढलं, काच पुसली आणि कपाळ टेकवून बाहेर बघू लागली. बाहेर मिट्ट काळोख. काचेत तिचं स्वतःचंच तोंड दिसत होतं. थोड्या वेळाने भावोजींनी तिच्या डोक्यावरून हात घालून पडदा खाली ओढला.

"झोप आता. उद्या पायांना काम आहे."

आणि मग भावोजींची खुबी माझ्या लक्षात आली. सगळ्या गाड्या रात्रीच्या होत्या. एकूण एक. संध्याकाळ सरली की चढायचं, झोपायचं, उजाडता उजाडता उतरायचं, दिवसभर स्थळं बघायची आणि पुन्हा अंधारात गाडी पकडायची. गाडीत दिवस घालवायचा नाही, या एका अक्कलहुशारीवर त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं खर्च केली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताईकडे बघितलं तर ती पडद्याकडे तोंड करून पडली होती.

दिवसा त्यांनी आम्हाला अक्षरशः पळवलं. धबधब्यापाशी ते पाण्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होते. दीपगृहाच्या पायऱ्या चढून वर गेलो, तर वर श्वास घेईपर्यंत 'चला, चला' सुरू. संग्रहालयात पेंढा भरलेल्या सिंहासमोरच्या बाकावर ताईला झोप लागली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता तिच्या. भावोजी कपाळाला आठ्या घालून मला म्हणाले, "बघा! सगळा देश दाखवतोय आणि ही झोपा काढतेय."

"रात्री गाडीत तिला झोप लागली असती, तर दिवसा झोपली नसती," मी म्हटलं.

"मग? गाडी झोपायलाच तर आहे."

एका बागेत बसलेलो असताना ताईने विचारून पाहिलं. "अहो, यातली एखादी गाडी दिवसाची नाही का हो?"

भावोजी हसले. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "दिवसा गाडीत बसलो, तर बघायचं कधी?" त्यांना खरंच कळत नव्हतं. सोंग असतं तर मी पकडलं असतं. त्या माणसाच्या डोक्यात तो प्रश्न शिरायला फटच नव्हती.

किल्ल्याच्या गावी आम्ही सकाळी उतरलो. भावोजींनी फलाटावरच कागद उघडून दिवसाचा क्रम सांगायला सुरुवात केली. आधी बुरूज, मग शस्त्रागार, मग रात्रीच्या गाडीने तळ्याचं गाव. तेवढ्यात समोरच्या फलाटावर एक साधी पॅसेंजर येऊन थांबली. मळकी, दारं उघडी, आत दूधवाले आणि टोपल्यावाल्या बायका. लाउडस्पीकरवर तिची घोषणा झाली. ताई कान देऊन ऐकत होती.

"ही गाडी तळ्याच्या गावीच जाते," ती म्हणाली.

"जाते ना. वाटेत प्रत्येक ठेसनावर थांबत, रखडत संध्याकाळी पोहोचते. आपली जलद आहे."

"हिला वाटेत उजेड आहे."

"उजेडाचं काय करायचंय गाडीत?"

ताईने पॅसेंजरच्या खिडक्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "मला टोचतंय हो."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून टोचतंय."

आणि भावोजींनी काय करावं? तिच्या तोंडाकडे न बघता त्यांनी तो कागद तिच्या नाकासमोर धरला, आणि त्यावर बोट फिरवत म्हणाले, "कुठे टोचतंय? बघ की. गाडी, किल्ला, गाडी, बोट. सगळं कसं बसतंय!"

ताईने कागदाकडे बघितलं नाही. "ज्याला बसतंय त्याला घेऊन जा," ती म्हणाली. आपली छोटी पिशवी उचलली, जिन्याने पलीकडच्या फलाटावर गेली आणि पॅसेंजरमध्ये चढली. हे सगळं तिने इतक्या शांतपणे केलं, की भावोजींना वाटलं, ती नळावर पाणी प्यायला गेली. मी सगळ्या बॅगा त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि धावत सुटले. मागून "अहो मेव्हणीबाई, सामान!" असं ऐकू आलं. गाडी हलली तेव्हा ते बॅगांच्या मधे उभे होते, हातातला कागद अजून उघडाच. मला मनापासून आनंद झाला, कशाला खोटं बोलू!

तिकीट आम्ही गाडीतच तपासनिसाकडून काढलं, दंडासकट. ताईने काच पुसली आणि बाहेर बघायला लागली. बघण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेल्या गोधड्या, हौदापाशी आरसा टेकवून दाढी करणारा एक जण, शाळेच्या कुंपणावर चढलेली पोरं, एका छपरावर निवांत उभी असलेली बकरी. भावोजींनी यातल्या कशालाही तुटका दातसुद्धा लावला नसता. ताई एकेक बघून मला सांगत होती, जसं काही मी आंधळी आहे.

मग एक फाटक आलं. लावलेलं फाटक, त्यामागे थांबलेल्या सायकली, झेंडा धरलेला माणूस, एका खोलीचं घर, तार. तारेखाली दोन मुली. एकीने हात वर केला आणि तेवढ्यात सगळं मागे गेलंसुद्धा. ताईचा हात अर्धाच उचलला गेला होता.

"एवढ्याच दिसत होतो आपण?" ती म्हणाली.

"मग काय, तुझी मिरवणूक दिसणार होती?" मी म्हटलं खरं, पण मीही मान वळवून मागेच बघत होते.

तिने खिडकीची काच वर सरकवली. मग म्हणाली, "वेळच मिळत नाही गं हात हलवायला. त्या लोकांना उगाच शिष्ट म्हणत होतीस तू."

त्यानंतर तिने शहाणपणा केला. गाडीची शिट्टी झाली, की फाटक दिसायच्या आधीच ती हात बाहेर काढून तयार राहायची. कधी फाटकावर पोरं असायची, कधी नुसती एखादी म्हैस. ती सगळ्यांना हात हलवत गेली. समोरच्या टोपलीवाल्या बाईने मला खुणेने विचारलं, हिचं डोकं ठीक आहे ना? मी म्हटलं, आजच ठीक झालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्याच्या गावच्या स्टेशनावर भावोजींना घ्यायला गेलो. ते जलद गाडीतून उतरले, एकेक बॅग स्वतः ओढत. डोळे तांबडे, सदरा चुरगळलेला. तरीही तोंड उघडलं ते किल्ल्याबद्दल. बुरूज किती उंच, शस्त्रागारात कोणती तलवार, आम्ही दोघींनी काय काय गमावलं. सगळं सांगून झाल्यावर मोठ्या मनाने त्यांनी ताईला विचारलं, "आणि तू दिवसभर खिडकीत बसून काय मिळवलंस?"

ताईने सांगितलं. फाटक, तार, दोन मुली, सगळं सांगितलं. लग्नापासून आजवर ती एका दमात इतकं कधी बोलली नसेल. भावोजींनी ऐकून घेतलं, मग खिशातला कागद काढला, वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाले, "फाटक? ते यात कुठेच नाही."

ताईने त्यांच्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. टवका गेलेला दात डब्यात टाकायच्या आधी बघायची, तसं. मग ती तिकिटांच्या खिडकीशी गेली. मी तिच्या मागे.

"सकाळची पॅसेंजर," ती आतल्या माणसाला म्हणाली. "शेवटपर्यंत."

"किती?"

ताईने मागे वळून बघितलं. भावोजी कागदाची घडी घालत उभे होते.

"दोन."

ते ऐकून भावोजी लगबगीने पुढे आले. मला वाटलं, आता तरी विचारतील. निदान कुठे चाललीस, एवढं तरी. ते गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे, एकदा बॅगांकडे बघत राहिले.

"अगं पण," ते म्हणाले, "मग सामानाकडे कोण बघणार?"

"तुम्ही बघा," ताई म्हणाली, आणि तिने पिशवीतून फडकं काढलं.